दोरी

२३ मे २०२४ च्या दुपारी डोंबिवलीच्या एमआयडीसीत, फेज दोनमध्ये, एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. दहाहून अधिक माणसं गेली. दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या, दुकानांचे पत्रे उचकटले. डोंबिवलीकरांना हे नवं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी, २६ मे २०१६ ला, असाच एक स्फोट त्यांनी पाहिला होता. त्या दिवशी पन्नाशीची माणसं मुकाट्याने झाडू घेऊन काचा गोळा करू लागली ती त्या सरावानेच. मुलांना मात्र असा सराव नव्हता.

एमआयडीसीच्या निवासी विभागात, मिलापनगरच्या बाजूला, एक जुना बसका बंगला आहे. पुढे जास्वंद, कर्दळ, तुळस. मागे कढीपत्ता, पेरू आणि कपडे धुवायचा दगड. त्या दुपारी घरातला दहा वर्षांचा मुलगा जेवून कॉटवर वाचत पडला होता. खिडकीची अख्खी काच त्याच्या पायाशी येऊन पडली. त्याला खरचटलंही नाही. पण त्या रात्रीपासून तो एकटा झोपेना. कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात ठेवी. आईबाबांनी त्याला समजावलं, रागावून पाहिलं, कल्याणच्या आत्याकडे चार दिवस पाठवूनही पाहिलं. आजी मात्र काही बोलली नाही. रात्री तिने आपली गादी त्याच्या खोलीत टाकली, एवढंच.

कबरी आली ती त्याच सुमाराला.

पांढऱ्या अंगावर काळे आणि तांबूस डाग, शेपटीचं टोक काळं. अशी तीन रंगांची मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. काळ्या आणि तांबूस रंगाचा निवाडा करणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि दोन्ही रंग एकत्र दिसायला तशी दोन गुणसूत्रं लागतात. आजीला हे विज्ञान ठाऊक नव्हतं, पण लहानपणी त्यांच्या वाड्यातल्या कबऱ्या मांजरी झाडून साऱ्या माद्याच होत्या हे तिला आठवत होतं. ही कुठून आली कुणास ठाऊक. कुठल्याशा कारखान्याच्या कँटीनमागे राहत असावी आणि स्फोटानंतर वाट फुटेल तिकडे पळाली असावी, असं सगळ्यांनी ठरवलं. कुंपणाच्या भिंतीवर ती अंग चोरून बसे. रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न वाजला की पोट जमिनीला टेकवून जास्वंदीखाली घुसे.

"आजी, ती पण घाबरते," मुलगा म्हणाला. स्फोटानंतर आपणहून बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य नसेल, पण आजीने ते तसं धरलं.

आजीने बशीत दूधभात कालवून पायरीवर ठेवला. मराठी घरात मांजरीला दुसरं काय देतात? कबरीने तो चाटूनपुसून खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी समोरचे तात्या फाटकापाशी उभे राहिले.

तात्या रेल्वेतून निवृत्त झालेले. समोरच्या बंगल्यात त्यांनी गुलाब लावले होते, कलमं पुण्याहून आणलेली. "बाई," ते म्हणाले. आजी शाळेत शिकवायची, त्यामुळे साऱ्या वसाहतीची ती बाईच. "बाई, तुमच्या मांजरीने माझा वाफा घाण केलाय. तिचं पोट बिघडलेलं दिसतंय. तुम्ही खाऊ घालणार आणि निस्तरायचं मी?"

हा प्रश्न अगदी रास्त होता, आणि आजीला तो रास्त वाटला, म्हणून तिच्याविषयी मला आदर आहे. भूतदया करणाऱ्या अनेकांना शेजाऱ्याची तक्रार ऐकू येत नाही. तक्रार करणारा त्यांना निर्दयच वाटतो. आजीने खुरपं घेतलं, तात्यांचा वाफा स्वतः साफ केला, वरची माती बदलली. मग मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या आडोशाला तिने रेतीचा एक चौकोन केला. मांजर मऊ, कोरडी माती शोधते. ती घराजवळच मिळाली तर लांब कशाला जाईल? तात्यांच्या वाफ्यात तिने गुलाबांच्या बुंध्याशी जाड खडी पसरली. आठवड्याभरात कबरीने रेती पसंत केली. रोज ती रेती उपसायचं काम नातवाकडे आलं.

राहिलं पोटाचं. आजीची एक जुनी विद्यार्थिनी जनावरांची डॉक्टर झाली होती. तिला फोन लावला.

"बाई, दूध बंद करा," डॉक्टर म्हणाली. "पिल्लू मोठं झालं की दूध पचवणारं विकर पोटात कमी होत जातं. मोठ्या मांजरीला दुधाने हगवण लागते. आणि नुसता भात तिच्या काय कामाचा? मांजर मुळातच मांसाहारी. टॉरिन म्हणून एक द्रव्य तिला मांसातूनच मिळतं. ते मिळालं नाही तर डोळे जातात, हृदय कमकुवत होतं. मासळी उकडून द्या. मीठ नको, हळद-तिखट नको, कांदा-लसूण तर अजिबात नको, त्याने तिचं रक्त बिघडतं."

त्या घरात कधी मासळी शिजली नव्हती. आजी त्या दिवशी बराच वेळ ओट्याशी उभी राहिली. मग तिने माळ्यावरून जुना स्टोव्ह काढला, मागच्या अंगणात पत्र्याखाली मांडला, एक जर्मनचं पातेलं त्यासाठी वेगळं ठेवलं. कामाच्या मावशी सोनारपाड्याहून यायच्या. त्या बाजारातून मांदेली आणू लागल्या.

"बाई, तुमी मासली शिजवनार?" मावशींनी डोळे मोठे करून विचारलं.

"मी खाणार नाहीये, ती खाणार आहे," आजी म्हणाली. "द्यायचं तर तिला लागतं ते द्यायचं. मला सोवळं वाटतं ते देऊन तिचं काय भलं होणार?"

नाकाला पदर लावून ती मांदेली उकडायची. दुपारभर घरात वास राहायचा. सूनबाईंनी दोन दिवस उदबत्त्या लावल्या, मग सोडून दिलं.

इकडे नातवाचा धीर सुटला. त्याला कबरी मांडीवर हवी होती. पुस्तकातल्या मुलांच्या मांडीवर मांजरं असतात. एका संध्याकाळी ती खाण्यात गुंतलेली पाहून त्याने मागून जाऊन तिला दोन्ही हातांनी उचललं. तिने मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडलं आणि भिंतीवरून नाहीशी झाली.

आजीने आधी जखम धुतली. वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. रेबीज म्हटलं की आपल्याला फक्त कुत्रा आठवतो; तो मांजरीकडूनही होऊ शकतो आणि एकदा लक्षणं दिसली की उपाय जवळपास उरत नाही. मग बाबा त्याला दवाखान्यात घेऊन गेले आणि लस सुरू झाली. ठरलेल्या तारखा आजीने कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवल्या, एकही चुकू दिली नाही.

पहिल्या सुईच्या रात्री बाबा तावातावाने म्हणाले, "आई, पुरे झालं. उद्या तिला पोत्यात घालतो आणि दुर्गाडीच्या पुलापलीकडे खाडीवर सोडून येतो. तिकडे कोळीवाडे आहेत, खाईल काहीतरी."

पोत्यात घालून लांब सोडून येणं ही आपल्याकडची जुनी रीत. लोक ती मारण्यापेक्षा बरी समजतात. पण मांजर जागेवर जगते. कुठल्या पत्र्याखाली पाऊस लागत नाही, कुठल्या घरी बशी निघते, कुठल्या बोक्याची हद्द कुठे संपते, हे तिचं सगळं ज्ञान त्या एका गल्लीपुरतं असतं. ते काढून घेऊन तिला परक्या मुलखात टाकणं म्हणजे तिला हळूहळू मारणंच. १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदासुद्धा, उपासमार होईल अशा ठिकाणी विनाकारण जनावर टाकून देण्याला क्रूरताच म्हणतो.

आजीने शाळेत अनेक वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं होतं. घटनेच्या कलम ५१-क मधली मूलभूत कर्तव्यं तिने पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून पाठ करून घेतली होती. प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणं हे त्यातलंच एक. बाबांनीही ते तिच्याच समोर बसून पाठ केलं होतं. ती त्यातलं काहीही बोलली नाही. तिने नातवाला विचारलं, "ती तुझ्याकडे आली होती, की तू तिच्याकडे गेला होतास?"

"मी गेलो होतो."

"मागून?"

"हो."

"त्या दुपारी काच कुठून आली होती?"

मुलाने तिच्याकडे पाहिलं. मग बाबांकडे वळून म्हणाला, "बाबा, तिला नका सोडू."

पुढचे दोन महिने त्या घरात जे चाललं ते पाहायला फार साधं होतं, आणि मला या गोष्टीत तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. आजीने नियम घालून दिले. बशी सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, तीच वेळ, तीच पायरी. अर्ध्या तासाने बशी उचलायची, धुवायची. उरलेलं पडून राहिलं तर उंदीर आणि कावळे येतात आणि शेजाऱ्यांचा जीव नकोसा होतो. पाण्याचं भांडं मात्र कायम भरलेलं. आणि मुलाने बसायचं फाटकाजवळ, पायरीपासून जितकं लांब बसता येईल तितकं. हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, टक लावून पाहायचं नाही.

"मग करायचं काय?"

"वाच. मोठ्याने वाच. तिला तुझा आवाज ओळखीचा होऊ दे."

मुलगा वाचू लागला. शाळेची पुस्तकं, गोष्टींची पुस्तकं, कधी पेपर. पहिले काही दिवस कबरी भिंतीवरच बसून राही आणि तो आत गेल्यावरच खाली उतरे. मग तो बसलेला असताना उतरू लागली, पण खाताना कान त्याच्याकडे वळवून. मग कान सैल झाले. तो दर चार-पाच दिवसांनी वीतभर पुढे सरकायचा. एके दिवशी घाई केली, दोन हात पुढे सरकला. ती उठून गेली आणि पुढचे तीन दिवस भिंतीवरच राहिली. त्याला कोणी बोललं नाही. तो आपणहून फाटकापाशी जाऊन बसला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला एक गोष्ट सांगितली होती. मांजरीकडे पाहून डोळे अर्धवट मिटायचे, हळूच मिटायचे, हळूच उघडायचे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासून पाहिलं होतं. असं करणाऱ्या माणसाला मांजरी तसाच प्रतिसाद देतात आणि अनोळखी माणसाजवळही जास्त सहज जातात. मुलगा वाचता वाचता मान वर करून डोळे मिटायचा. जुलैच्या पहिल्या पावसाळी संध्याकाळी कबरीनेही मिटले. तो धावत स्वयंपाकघरात गेला, आणि त्याच क्षणी कुकरची शिट्टी झाली. त्याचे हात कानांकडे गेले नाहीत. आजीने ते पाहिलं, सूनबाईंनाही दिसलं. दोघी काही बोलल्या नाहीत.

तोवर कबरीचं पोट दिसू लागलं होतं. मांजरीला नऊ आठवड्यांत पिल्लं होतात. म्हणजे ती आली तेव्हाच, किंवा त्याच्या आसपास, गाभण राहिली असणार. जुलैच्या अखेरीला धुण्याच्या दगडामागे, पत्र्याखाली तिला चार पिल्लं झाली. मुलाने खोक्यात जुनी चादर घातली, आजीने पत्र्याला प्लास्टिक बांधलं. डोंबिवलीचा पाऊस प्लास्टिकला दाद देत नाही. एका रात्री मागचं गटार तुंबलं, अंगणात पाणी चढलं. सकाळी एक पिल्लू पाण्यात सापडलं. दुसरं दोन दिवसांनी थंड पडलं. तिसऱ्याला रात्री बोक्याने नेलं. तो थोराड पिवळा बोका, डोक्यावर मारामाऱ्यांचे व्रण असलेला, साऱ्या वसाहतीला रात्री जागवायचा.

दोन पिल्लं मुलाने कढीपत्त्याखाली पुरली. खड्डा स्वतः खणला. उरलं एक, आईसारखंच कबरं. कबरी त्याला तोंडात धरून जागा बदलत राहिली, आणि एका दुपारी तिने ते आणून ठेवलं मुलाच्या पायापाशी, पायरीवर. ठेवून स्वतः दोन पावलं मागे बसली. त्या दिवसानंतर तिने त्याला हात लावू दिला. पुढे ती त्याच्या पायांना अंग घासू लागली, शेपटी उभी करून फाटकापर्यंत त्याला शाळेला पोचवू लागली. रस्त्यावरची माणसं थांबून पाहायची. मुलगा आता आपल्या खोलीत एकटा झोपू लागला होता. आजीची गादी परत तिच्या खोलीत गेली होती.

गणपती झाले, गौरी गेल्या. पितृपक्ष लागला तसा पिवळा बोका पुन्हा भिंतीवर दिसू लागला. पिल्लू दोन महिन्यांचं होत आलं होतं, खडकपाड्याला आत्याच्या मैत्रिणीने ते मागून घेतलं. ते घर चांगलं होतं, आजी स्वतः जाऊन पाहून आली. आणि त्याच दिवशी ती नातवाला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"पिल्लं अंगावर पीत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते," डॉक्टर म्हणाली. "दिवाळीच्या पुढेमागे पुन्हा चार. त्यातली मादी पाच-सहा महिन्यांची झाली की तिलाही. तुम्ही खायला घालताय, त्यामुळे ती तगणार, आणि पिल्लं होत राहणार. नुसतं खाऊ घालणं म्हणजे अर्धंच काम, बाई. शस्त्रक्रिया करून घ्या. आम्ही डाव्या कानाचं टोक कापतो, म्हणजे लांबून कळतं की हिची झालेली आहे, पुन्हा कोणी धरत नाही."

"धरणार कशी?" आजीने विचारलं.

डॉक्टरने मुलाकडे पाहिलं. "ती कोणाजवळ येते?"

पिंजरा जाळीचा होता, लांबट, वर उचलायचं दार असलेला. डॉक्टरने सांगितलं होतं की पहिले आठ-दहा दिवस दार वर बांधून ठेवायचं आणि बशी रोज थोडी थोडी आत सरकवायची. तिला आत जाऊन खायची सवय झाली की एक दिवस दोरी सोडायची. आजीने पिंजरा पायरीशेजारी ठेवला. पण मुलगा अडून बसला.

"मी नाही करणार. बाबांना सांग."

"बाबा जवळ असले तर ती येत नाही."

"मग तू कर."

"माझ्या बशीतलं ती खाते. तुझ्या शेजारी ती झोपते. तू शेजारी नसलास तर ती त्यात पाऊल घालणार नाही."

"म्हणूनच नको!" तो ओरडला. "तिला वाटेल मी तिला फसवलं. तिला वाटेल मी पण तसलाच. एवढे दिवस मी..." त्याला पुढे बोलवेना.

आजी त्याच्या बाजूला पायरीवर बसली. "तुझं खरं आहे. तिला तसंच वाटेल. शस्त्रक्रिया म्हणजे काय हे तिला समजावून सांगायची सोय नाही."

"मग ती परत येईल माझ्याकडे?"

"मला ठाऊक नाही. येईल असं मी तुला सांगणार नाही."

हे उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं. मोठी माणसं अशा वेळी हो म्हणतात.

"तिने तुझ्यावर विश्वास ठेवला," आजी म्हणाली, "तो तू दोन महिने बसून कमावलास. आता तो तुझा आहे. तो जपून ठेवायचा तरी चालेल. ती तुझ्याजवळ येत राहील, अंग घासत राहील, आणि पुढच्या पावसात पुन्हा खड्डे खणायचे. किंवा तो तिच्यासाठी खर्च करायचा. ठरव तू. मी आग्रह करणार नाही."

तिने खरोखर आग्रह केला नाही. पिंजरा चार दिवस नुसता पडून राहिला. मुलगा कढीपत्त्याच्या बाजूला बसून वाचायचा, कबरी त्याच्या पायाशी अंग चाटत बसायची. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्याने बशी उचलली आणि पिंजऱ्याच्या तोंडाशी ठेवली. स्वतः पिंजऱ्याला पाठ टेकून बसला आणि वाचू लागला.

ती रोज थोडी आत जाऊ लागली. आधी मान, मग पुढचे पाय. तो वाचायचा थांबला की ती मागे यायची, म्हणून तो थांबायचा नाही. शेवटी नवरात्राच्या दोन-तीन दिवस आधी ती शेपटीसकट आत गेली, आणि जाळीतून त्याच्या पाठीला डोकं घासून बशीकडे वळली. दोरी त्याच्या हातात होती. बाबा, आई, आजी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे होते. त्याचं वाचन चालू होतं, आवाज कापत होता, आणि एका वाक्याच्या मध्यातच त्याने दोरी सोडली.

कबरीने केलेला तो आवाज साऱ्या गल्लीने ऐकला. ती जाळीवर आपटली, नाक सोललं. डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे मुलाने लगेच पिंजऱ्यावर जाड चादर टाकली. अंधार झाला की जनावर शांत होतं. ती शांत झाली. तो तिथेच बसून राहिला, रिक्षा येईपर्यंत. रिक्षात पिंजरा त्याच्या मांडीवर होता.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. जखम सुकेपर्यंत तिला चार-पाच दिवस तिथेच ठेवलं. मग पिंजरा परत आणून अंगणात, त्याच पायरीपाशी उघडला. कबरी बाणासारखी सुटली, एका उडीत भिंत ओलांडून गेली. पोटाचे केस भादरलेले, डावा कान टोकाला सरळ कापलेला. तिने मागे पाहिलं नाही.

नवरात्र सरलं, दसरा आला. बशी सात वाजता निघायची, साडेसातला तशीच उचलली जायची. मुलगा फाटकाजवळ जाऊन बसायचा, सगळ्यात लांबच्या जागेवर. कबरी त्या भिंतीवर आलीच नाही.

एका सकाळी तात्या रस्ता ओलांडून आले. हातात कात्री, गुलाबांची छाटणी अर्धवट टाकून आलेले. "काय रे, तुझी मांजर माझ्याकडे बसते. मागच्या बाजूला, कुंड्यांच्या मागे. बरी दिसते तशी. काल मी पोळी टाकली, खाल्ली नाही."

मुलगा आत गेला. बाहेर आला तो मांदेलीचा डबा आणि वहीचं एक पान घेऊन. त्यावर त्याने नीट अक्षरात लिहिलं होतं: सकाळी सात, संध्याकाळी सात. अर्ध्या तासाने बशी उचलणे. पाणी कायम. दूध नाही, पोळी नाही. हाक मारू नये. मागून जाऊ नये.

तात्यांनी चष्मा वर करून ते वाचलं. "म्हणजे मी खाऊ घालायचं?"

"मी रोज डबा आणून देईन. बशीही मी धुवीन. ती माझ्याकडे येत नाही आता."

"मग तू कशाला एवढं करतोस?"

"तिला भूक लागते ना," मुलगा म्हणाला.

तात्यांनी ते पान आपल्या स्वयंपाकघरात शेगडीच्या वर चिकटवलं आणि पाळलं. रोज सकाळी मुलगा शाळेला निघाला की ते फाटकातून ओरडून सांगायचे: "खाल्लं! सगळं!" मुलगा हात हलवून पुढे जायचा. पावसाळ्यात त्यांच्या वाफ्यापाशी जे भांडण निघालं होतं, ते कुठे गेलं हे कोणी पाहिलं नाही.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, अंधार पडताच, वसाहतीत माळा सुरू झाल्या, मग बाँब. आईने मुलाच्या खोलीच्या खिडक्या आधीच लावल्या होत्या, त्याच्या कानांसाठी कापूस काढून ठेवला होता. स्फोटानंतरची ही पहिली दिवाळी. तो खोलीत नव्हता. मागच्या अंगणात त्याने धुण्याच्या सामानाच्या खोलीचं दार उघडून विटेने अडवलं होतं, आत गोणपाट घातलं होतं, पाणी ठेवलं होतं. आणि टॉर्च घेऊन तो रस्त्यावर होता.

आजी त्याच्या मागे गेली. मुलं बाँब लावून पळत होती, धूर डोळ्यांत जात होता. प्रत्येक आवाजाला तिचा नातू खांदे आक्रसून घेई, आणि पुन्हा वाकून एकेका गाडीखाली टॉर्च मारी. तात्यांच्या गाडीखाली, मागच्या चाकाला चिकटून, कबरी होती. डोळे चमकले. तो गुडघ्यांवर बसला. हात पुढे केला नाही. गाडीपासून चार हात मागे सरकला, रस्त्याच्या कडेला मांडी घातली, आणि बाँब लावणाऱ्या पोरांना म्हणाला, "इथे नको रे, पलीकडे लावा. इथे मांजर आहे."

पोरं कुरकुरत पलीकडे गेली. तो तिथेच बसला. आजी त्याच्या शेजारी, रस्त्यावर, नव्या साडीत बसली.

"दार उघडं आहे आपलं," तो गाडीखाली पाहून म्हणाला. "जायचं तर जा." अकराच्या पुढे आवाज विरळ झाले तसे दोघं उठून घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी गोणपाटावर पांढरे केस होते आणि पाणी कमी झालेलं होतं. ती तिथेच होती की नाही हे त्याने जाऊन तपासलं नाही. त्याने रेती साफ केली, दोन बश्या काढल्या, तात्यांकडे एक आणि आपल्या पायरीवर एक.

हिवाळ्यात ती कधी इकडे खाई, कधी तिकडे. मुलगा असताना ती पायरीवर येई, पण अंतर राखून. अंग घासणं पुन्हा झालं नाही. त्याने एकदोनदा डोळे मिटून पाहिले. तिने कधी उत्तर दिलं, कधी नाही. कापलेल्या कानामुळे ती वसाहतीत ओळखीची झाली. डॉक्टरीणबाईंकडे आणखी दोन घरांतून फोन गेले, आमच्याकडच्या मांजरींचंही करून द्या म्हणून.

जानेवारीत एका रविवारी तात्यांच्या ओट्यावर पाच-सहा घरची माणसं जमली. विषय पिवळ्या बोक्याचा. रात्रभर ओरडतो, मारामाऱ्या करतो, गाड्यांवर फवारे मारतो. डॉक्टरीणबाईही आल्या होत्या. त्या म्हणाल्या की बोक्याची शस्त्रक्रिया मादीपेक्षा सोपी, खर्चही कमी, आणि ओरडणं-भांडणं बऱ्यापैकी उतरतं. पण धरायचा कसा? तो कुणाच्या दहा हातांच्या आतही येत नाही. कोणी जाळं म्हणालं, कोणी पोतं.

"पोतं नको," मुलगा म्हणाला. तो ओट्याच्या कडेला बसला होता. "त्याला आधी माझा आवाज ओळखीचा व्हायला हवा. महिना-दोन महिने लागतील. पिंजरा आमच्याकडेच आहे."

"आणि मग?" तात्यांनी विचारलं. "मग तोही तुझ्यावर रुसणार, बरं का."

"हो," मुलगा म्हणाला. "उद्यापासून बशी कुठे ठेवायची ते सांगा. दोरी मी सोडीन."